दोघींपुरता ओटा

आई गेली त्या वर्षी मी कोरपन्याच्या शाळेत शिकवत होते. घर स्वतःचं, कवेलूच्या छपराचं. स्वयंपाकघरात मातीची चूल आणि धुरानं काळ्या पडलेल्या भिंती. आई खाली बसून रांधायची. मला गुडघ्यांमुळे बसवत नव्हतं, म्हणून उभ्यानं स्वयंपाक करायला ओटा बांधायचं ठरवलं.

भाऊ ऊर्जानगरला नोकरीला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "एकटीले असं किती रांधा लागते? स्टोव्ह ठेवाले एक टेबल घे अन् मोकळी हो. बदली झाली तं ओटा संगं नेशील का?"

त्याचं चुकत नव्हतं. स्टोव्ह आणि परात मावेल एवढाच ओटा करायचा, जास्त खर्च नाही, असं मीही ठरवलं.

मिस्त्री आला. भिंतीला दोरी लावत त्यानं विचारलं, "बाई, घरी किती जण हाये?"

"दोघी," मी म्हणाले.

तोंडातून निघूनच गेलं. इतकी वर्षं हेच सांगत आले होते.

"मंग जरा लांब करू," तो म्हणाला. "दोघी संगं उभ्या राह्यल्या पाह्यजे."

त्याला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. तेच म्हणवलं नाही. कडप्प्याची लादी मोठी आली, विटा जास्त लागल्या, खर्च दुप्पट झाला. उन्हाळ्यात मैत्रिणीकडे जायला ठेवलेले पैसेही त्यातच गेले.

काम संपल्यावर मी पिठलं-भात केला. नव्या चुन्याच्या वासात उभ्यानंच जेवले. सगळं सामान ओट्याच्या एका टोकाला मावलं. पुसावा मात्र पूर्ण लागे.

पुढे एका रविवारी भाऊ आला. "एवढा लांब काऊन केला?"

मिस्त्रीला काय सांगितलं ते मी त्याला सांगितलं. तो उठला. हात धुऊन रिकाम्या बाजूला उभा राहिला आणि वांगी चिरायला लागला. फोडी जाडजाड झाल्या. भाजी कच्चट राहिली, तरी आम्ही ती संपवली. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला.

मग तो कधीमधी येत राहिला. एरवी भात शिजेपर्यंत मी त्या बाजूला मुलांच्या वह्या तपासत असे. बदली झाली तेव्हा ओटा तिथंच राहिला. त्या खर्चाचं मात्र मला कधी वाईट वाटलं नाही.