मम्मी पॅक करा

“मम्मी पॅक करा,” देवळेकर सर वॉकीवर म्हणाले.

सेटबाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून सांगते. पॅक करणं म्हणजे एखाद्याचं त्या दिवसाचं काम संपवून त्याला घरी सोडणं. मम्मी पॅक करणं म्हणजे लहान मुलाच्या आईला सेटवरून उठवून कुठेतरी लपवणं आणि मुलाला सांगणं, तुझी मम्मी गेली. मूल रडतं. कॅमेरा चालूच असतो. शॉट ओके झाला की मम्मी परत येते, मुलाला चॉकलेट मिळतं आणि सगळं युनिट टाळ्या वाजवतं. टाळ्या मुलासाठी असतात असं सगळे समजतात.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमच्या मालिकेचा सेट होता. पत्र्याखाली खात्यापित्या घरचा हॉल, देवघर आणि एक जिना. जिना वर कुठेच जात नव्हता. मी त्या मालिकेची एपिसोड डिरेक्टर होते. कथा एकाची, संवाद दुसऱ्याचे, चॅनलने पास केलेला सीन वेळेत शूट करून देणं एवढंच आपलं काम. तरी असिस्टंटगिरी करून करून मला स्वतःच्या नावावर मिळालेलं ते पहिलं काम होतं. देवळेकर सर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, म्हणजे मला ठेवायचं की काढायचं हे ठरवणारे.

सीन असा होता. बाप घर सोडून चाललाय, हातात बॅग. सहा वर्षांची मुलगी जिन्यावरून बघते. कागदावर लिहिलेलं, ‘मुलगी धाय मोकलून रडते.’ मुलीचं काम करणारी स्वरा. खरी सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली.

ग्लिसरीन का नाही, असं कुणी विचारेल. ग्लिसरीन डोळ्यांजवळ लावलं की पाणी येतं, हुंदका येत नाही. शिवाय लहान मूल डोळे चोळत बसतं, जळजळतात त्याचे. मोठ्यांना ते सहन करायचे पैसे मिळतात. चॅनलच्या बाईंचा निरोप स्पष्ट होता: क्राय खरा पाहिजे, क्लोजअपमध्ये पाहिजे.

आणि आमची बँक रिकामी होती. बँक म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड. बँक असली की माणसं माणसांसारखी वागतात. रिकामी असली की आज शूट, उद्या टेलिकास्ट, आणि मधल्या वेळेत कुणाचंही काहीही झालं तरी चालतं.

तर सर बोलले, “मम्मी पॅक करा.” स्वराची आई सायलीताई मॉनिटरमागे बसलेली होती. खांदेश्वरहून रोज पोरीला घेऊन यायची. कुणी जाऊन तिला सांगायची गरज पडली नाही. तिने स्वतःच पर्स उचलली, डबा पिशवीत टाकला आणि गेटकडे चालायला लागली. इतकी सवय झाली होती. मी नवीन होते, हा प्रकार त्या सेटवर मी पहिल्यांदाच बघत होते.

स्वराने आईला जाताना बघितलं. फ्रॉक खाली ओढला, केस मागे सारले आणि मला विचारलं, “दीदी, रोल झाला?”

रोल म्हणजे कॅमेरा चालू झाल्याची आरोळी. त्या पोरीच्या डोक्यात साधा हिशोब बसला होता. मम्मी दिसेनाशी झाली की कॅमेरा चालू होतो. आई गेली तर रडायचं, हे जगातल्या कुठल्याही पोराला शिकवावं लागत नाही. आम्ही ते तिच्यातून पुसून टाकलं होतं.

सर वैतागले. मला बाजूला घेतलं.

“हिला कळलंय आता. नवीन काहीतरी सांगावं लागेल. तू सांग. तुझ्यावर विश्वास आहे तिचा.”

“काय सांगू?”

“सांग, मम्मीचा पाम बीच रोडला ॲक्सिडेंट झाला. रिक्षा उलटली. पाच मिनिटांचा प्रश्न आहे गं.”

“मी नाही सांगणार.”

“का?”

“खोटं आहे म्हणून.”

सर हसले. “आपण इथे काय खरं करतो? तो जिना बघ.”

“जिन्याला माहितीये तो खोटा आहे ते.”

“ए छबी,” ते म्हणाले, “तू आम्हाला शिकवू नको. तुझ्या वेळेला हेच केलं ना? मेलीस का? स्टार झालीस.”

छबी म्हणजे मी. सात वर्षांची असताना एका मालिकेत छबी नावाच्या मुलीचं काम मी केलं होतं. कोपरखैरण्यात आमचं घर, पप्पा वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, म्हणजे पाठीवर गोण्या वाहणारे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी मला बघितलं आणि वर्षभरात अख्खा महाराष्ट्र मला छबी म्हणायला लागला. पुढे दात आले, उंची वाढली आणि छबीची गोष्ट संपवण्यात आली. कळवायला कुणी आलं नाही. नुसती गाडी यायची बंद झाली. मग कॉलेज, पथनाट्यं, मोर्चे, स्टेशनबाहेर पत्रकं वाटणं, आणि मग परत सेटवर, पण या वेळी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला.

छबीचा एक सीन लोक अजून विसरलेले नाहीत. वाशीच्या मॉलमध्ये बायका थांबवतात. “काय रडली होतीस गं तू! बघताना जेवण गेलं नाही.” मी सेल्फी देते. त्या सीनच्या आधी मेकअपच्या खुर्चीशी एक बाई माझ्याजवळ बसली होती, खूप मऊ आवाजात बोलत होती. तिने मला सांगितलं होतं की तुझ्या पप्पांच्या अंगावर गोण्यांची थप्पी पडली.

म्हणून मी सरांना म्हटलं, “सर, त्यात ॲक्टिंग नव्हती. ती चोरी होती.”

“भाषण नको. तू करतेयस का मी दुसऱ्याला बोलवू? दुसरा डिरेक्टर वाशीला बसलाय. अर्ध्या तासात येईल.”

“बोलवा. तो येईपर्यंत सेट माझा आहे.”

आणि मी गेटकडे गेले. सर मागून आले, फोन कानाला लावून.

सायलीताई वॉचमनच्या केबिनशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. पर्स मांडीवर. मला बघून उठली. “झालं एवढ्यात? रडली?”

“नाही रडली. ताई, तुम्ही आत या. तिच्यासमोर बसा.”

तिने आधी सरांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, रडली नाही तर रिप्लेस करतील हो. आधीची मुलगी तशीच गेली. मी लॅबमधली नोकरी सोडलीय हिच्यासाठी.”

“तुम्हाला माहितीये तिला आता काय सांगणार आहेत? तुमचा ॲक्सिडेंट झाला म्हणून.”

तिने परत सरांकडे बघितलं. मग जे बोलली ते ऐकून मला कुणाच्या तरी कानाखाली द्यावीशी वाटली. कुणाच्या, ते कळत नव्हतं.

“दोन मिनिटांचंच असतं ना पण? लगेच जाऊन जवळ घेते मी. आणि तुम्ही तर स्वतः छबी. तो रडायचा सीन आठवतोय मला. दहावीत होते मी. आई आणि मी दोघी रडलो होतो. स्वरा झाली ना, तेव्हाच मी मिस्टरांना म्हटलं होतं, हिला असं काम करायला लावायचं.”

“ताई, त्या दिवशी मला सांगितलं होतं की पप्पा मार्केटात गोण्यांखाली सापडून मेले.”

तिने पर्स घट्ट धरली.

“मग? लगेच सांगितलं असेल ना, खोटं आहे म्हणून?”

“सीन चांगला होत होता. अजून दोन अँगल घ्यायचे होते. मग जेवणाची सुट्टी झाली, सगळे विसरले. आई धाकट्याला घेऊन घरी होती. संध्याकाळी पप्पा मला न्यायला आले, तेव्हा मला कळलं. मी त्यांना बुक्क्यांनी मारलं. मेलेला माणूस चालत आला म्हणून मारलं. त्यानंतर कितीतरी दिवस पप्पा कामावर निघाले की मी त्यांची पँट धरून ठेवायची. तुम्ही टीव्हीवर बघून रडलात ना, ते हे.”

सर फोनवर हात ठेवून म्हणाले, “अगं, ड्रामा बंद कर. ताई, तुम्ही बसा इथेच.”

सायलीताई बसली नाही. तिने खुर्चीच उचलली. ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन शेडमध्ये शिरली आणि जिन्याच्या समोर, कॅमेऱ्याच्या अगदी नाकाखाली मांडून बसली.

“ताई, फ्रेममध्ये येताय तुम्ही,” सर म्हणाले.

“मग कॅमेरा हलवा,” ती म्हणाली.

कॅमेरामनने ट्रायपॉड उचलून बाजूला ठेवला. त्याला दोन पोरी आहेत हे मला नंतर कळलं.

माझ्याकडे अर्धा तास होता. मी जिन्यावर स्वराच्या शेजारी बसले. तिला सगळी गोष्ट सांगितली. तुझा सीनमधला बाबा चाललाय, ते खोटं आहे. शॉट झाला की तो चहा प्यायला जाणार आहे. मम्मी समोर बसलीय, ती कुठेही जाणार नाही.

“मग मी का रडू?” स्वराने विचारलं. बरोबर होतं तिचं.

“नको रडूस. मला एक सांग. शाळेत रडू आलं आणि कुणाला दाखवायचं नसलं तर तू काय करतेस?”

तिने विचार केला. “पाणी पिते.”

“म्हणजे?”

“वॉटरबॅगमधून. खूप पिते. मग रडू आत जातं.”

मी तिची स्वतःचीच वॉटरबॅग मागवली. निळी, पट्टा तुटलेला, गाठ मारलेली. म्हटलं, बाबा बॅग घेऊन निघाला की तुला रडू येतंय, पण बाबाला दाखवायचं नाही. पी पाणी.

पहिल्या टेकला पाणी नाकात गेलं आणि ती खो खो हसली. सायलीताईही हसली. सरांनी कपाळावर हात मारला. मी परत रोल दिला.

दुसऱ्या टेकला बाप दाराकडे निघाला. स्वराने बाटली तोंडाला लावली आणि पीत राहिली. डोळे बाटलीवरून दाराकडे. दार लागलं. पाणी संपलं, बाटलीतून नुसता हवेचा आवाज यायला लागला, तरी ती पीत होती. मी कट म्हणायला विसरले. शेवटी तिनेच बाटली खाली घेतली आणि म्हणाली, “दीदी, संपलं.”

सायलीताई पदराने नाक पुसत होती. स्वरा उड्या मारत तिच्याकडे गेली आणि तिने डब्यात काय आणलंय ते विचारलं. मला तेवढंच हवं होतं. रडण्याच्या सीननंतर भूक लागलेली पोर.

“आसू कुठे आहेत?” सर म्हणाले.

“लिहून ठेवा, डिरेक्टरने काढले नाहीत.”

“चॅनल मला फाडून खाईल.”

“मग परत शूट करा. बँक आहे?”

बँक नव्हती. दर वेळी पोरांवर उगारलेलं हत्यार पहिल्यांदा उलटं फिरलं होतं. दुसरा डिरेक्टर पोचला तेव्हा सीन एडिटला गेला होता. दुसऱ्या दिवशी तो तसाच लागला. चॅनलच्या बाईंनी त्यावर इतकं व्हायोलिन ओतलं की बाटलीचा आवाज बुडाला. पण स्वराला काढलं नाही. ‘पाणी पिणारी मुलगी’ म्हणून लोक ओळखायला लागले, त्यामुळे काढताच आलं नाही.

मला काढलं. देवळेकर सर सौजन्याने बोलले. “तुझी स्टाईल आपल्या सिरियलला सूट होत नाही.” मी म्हटलं, बरोबर आहे.

घरी पप्पांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. ठरल्या वजनापेक्षा जास्त भरलेली गोणी उचलायची नाही, म्हणून त्यांच्या टोळीने एकेकाळी काम थांबवलेलं होतं. ते एवढंच म्हणाले, “खाली ठेवलीस न्हवं? मग झालं.” आणि पान उलटलं.

गोणीत किती भरायचं याला हद्द घालायला माणसांना भांडावं लागलं. सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात किती भीती भरायची, याला अजून कुठल्या सेटवर हद्द नाही. म्हणून मी आता छोटी छोटी कामं डिरेक्ट करते आणि उरलेल्या वेळात सेटच्या गेटवर पत्रकं वाटते. एका पानाचं आहे. ‘पालक मुलाला दिसेल असा बसलेला पाहिजे. गेटवर नाही, मेकअप व्हॅनमध्ये नाही. मुलाला सीन खोटा आहे हे सांगितलेलं पाहिजे.’ वॉचमन हाकलतात. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहते, तो त्यांच्या मालकाचा नाही. सायलीताईने सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक चिकटवलंय. तिथल्या दोन घरांतली पोरं ऑडिशनला जातात.

गंमत पुढे झाली. देवळेकर सरांच्या नव्या मालिकेतही एक लहान मुलगा आहे. परवा त्याचा दुःखाचा सीन लागला. तो वॉटरबॅग तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होता. मग दुसऱ्या चॅनलवर एक मुलगी. मग बिस्किटाच्या जाहिरातीतही. आता प्रत्येक दुःखी मूल पाणी पितंय. कॉपी केली म्हणून मी भांडावं असं मित्र म्हणतात. मी भांडणार नाही. पाणी पिऊन कुठलं पोर बापाची पँट धरून बसत नाही.

डिरेक्शनबद्दल मला कुणी काही विचारलं तर एवढंच सांगते. मुलाला रडवायला डिरेक्टर लागत नाही. खोटं बोलणारा कुठलाही मोठा माणूस पुरतो.