सामीचं गाव

सामीला गाव विचारलं की तो हातातलं काम बाजूला ठेवून सांगायचा. उतारावर दगडी घरं, खाली विहीर, विहिरीच्या वरच्या अंगाला जैतुनाची म्हणजे ऑलिव्हची झाडं, शेजारी लोहार, आणि त्या लोहाराचं गाढव लाथा मारतं. बीडमध्ये नव्या माणसाला पहिला प्रश्न गावाचाच असतो, त्यामुळं त्याला हे रोज सांगावं लागायचं. फार्मसी शिकायला आलेला हा पॅलेस्टिनी पोरगा वर्षभरात ‘नक्को’, ‘कायकू’ करत बाजार करू लागला होता.

मी चौसाळ्याचा, त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचो आणि विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो. एकदा म्हणालो, “मग सुट्टीत गावी जाऊन का येत नाहीस?”

“मैं कब्बीच नै देखा वो गाँव. अब्बा देखे. छोटे थे, तब निकाले उनको.”

“आणि तो लोहार?”

“मर गया होगा. अब्बा बोलते वैसाच मैं बोलता.”

त्याचे वडील लहान असताना तिथं नवं राज्य उभं राहत होतं. बंदुका घेऊन माणसं आली, गाव रिकामं केलं, घरं पाडली. अशी गावंच्या गावं गेली. पुस्तकं याला स्थलांतर म्हणतात. स्थलांतर काय असतं ते आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवू नये. इथली माणसं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. घर जागेवर असतं. सामीच्या लोकांना परत येऊच दिलं नाही. त्यांना हाकललं. एवढं सरळ वाक्य लिहायला लोक का कचरतात, मला कळत नाही.

त्या उन्हाळ्यात पीसीओवर फोन आला. लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीत वडिलांनी अंथरूण धरलं होतं. सामीला त्यांना एकदा भेटायचं होतं. पासपोर्ट नव्हता, कारण देश नव्हता. निर्वासिताचा एक कागद होता, त्याची मुदत संपलेली. तो दिल्लीला वकिलातीत जाऊन आला. “नया कागद आयेगा बोले,” एवढंच म्हणाला. कागदाच्या आधी दुसरा फोन आला. वडील गेले.

घरमालक अप्पा लिंगायत, खाली किराणा दुकान, सगळ्या भाडेकरूंना ‘बे’ म्हणणारे. ते पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन वर आले. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, शेजारी कडू घास आणतात. सामीकडं चूल नव्हती, म्हणून अप्पांनी त्याचा स्टोव्ह उचलून बाहेर ठेवला.

“पुरलं का? आमच्यातबी पुरतेतच.”

“हाँ. छावनी के बाजू में.”

“तिथं कावून बे? माणूस मुंबईत मेला तरी आमी जीप करून गावाकडं आणताव. बापाला गावात न्यायचं व्हतं.”

“नै आने देते, अप्पा.”

“आरं, जित्याला येऊ देत न्हाईत, समजलं. मेलेल्याचं काय भ्या हाय त्यांला?”

अप्पांनी भाकरी मोडून पुढं केली, सामी खात राहिला. मग त्यानं विचारलं, “कित्ते दिन लाते ये?”

“तीन दिस, पाच दिस. मग आपली चूल आपण पेटवायची. जन्मभर कोण आणतंय का बे?”

“दादी को अब्बी बी लाते,” सामी म्हणाला. “राशन का ट्रक आता छावनी में. गाँव से निकाले, तब से.”

अप्पा रिकामं टोपलं घेऊन खाली गेले.

दुसऱ्या दिवशी टोपलं आलं तेव्हा सामीनं स्टोव्ह आत घेतला होता. चहा उकळत होता.

“आरं, तीन दिसबी झाले न्हाईत की!”

“बस हुआ, अप्पा. बैठो. चाय पीओ.”

अप्पा बसले. आम्ही तिघं चहा प्यायलो.

महिन्याभरानं त्याचा नवा कागद आला. त्यावर सगळे शिक्के होते.