दुखायलंय का?

"दुखायलंय का? खरं सांग."

हे विचारताना जोरसरांचा अंगठा समोरच्या मुलीच्या पोटरीवर रुतलेला असायचा आणि नजर मात्र तिच्या तोंडावर. पाय काय सांगतो ते अंगठ्याला कळायचं, आणि तोंड काय सांगतंय ते ते स्वतः ऐकायचे. दोन्हीचं उत्तर एक आलं तरच मुलगी पळायला मोकळी.

मी शेजारी उभी असल्याशिवाय त्यांनी कधी कुठल्या मुलीच्या पायाला हात लावला नाही. "मॅडम, जरा या" अशी हाक मैदानावरून आली की मी सूक्ष्मदर्शकं तशीच टाकून निघायची. मी शिकवायची वनस्पतिशास्त्र. पण मुलींच्या खो-खो संघाबरोबर एक बाई लागते, आणि आमच्या स्टाफरूममधल्या बाकीच्या बायकांना लहान मुलं नाहीतर मोठे नवरे होते. मला दोन्ही नव्हतं, म्हणून मी मॅनेजर. खो-खोतलं मला तेव्हा इतकंच ठाऊक होतं की बसलेल्या मुली उठतात.

मुली त्यांना जोरसर म्हणायच्या. कारण त्यांच्याकडं प्रत्येक गुन्ह्याला शिक्षा एकच, जोर. उशीर झाला, जोर. हसू आलं, जोर. एकदा झेंडावंदनाला प्राचार्यच उशिरा आले, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच "जोर" म्हणालं आणि सगळी रांग खाली बघून हलायला लागली. राष्ट्रगीत संपेपर्यंत जोरसरांनी कसंबसं तोंड सांभाळलं. मग त्या सगळ्या रांगेला जोर.

तुमच्या गावातल्या कॉलेजातही असा एक माणूस असेल. त्याचं नाव स्टाफच्या फळ्यावर नसतं, पगार तासांवर असतो आणि अंगावर वर्षानुवर्षं एकच ट्रॅकपँट असते. आमच्या जोरसरांचं काम पाय बनवायचं. पळवायचं, वाकवायचं, दम वाढवायचा. खेळ शिकवणारे कोच वेगळे होते. त्यांना मोठे सर म्हणायचं. ते संस्थाचालकांच्या नात्यातले. उन्हं कलली की यायचे, चुन्याच्या रेघेच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि गॉगल लावून खेळ बघायचे. सामन्याच्या दिवशीही खुर्ची त्यांचीच. जोरसर दोरीच्या बाहेर, पाण्याचे कॅन आणि बर्फाचा डबा घेऊन उभे. संघ जिंकला की शाल मोठ्या सरांना. हरला की मोठे सर म्हणायचे, "पोरींचा दम कमी पडला." म्हणजे कुणाचं चुकलं ते तुम्हीच समजा.

पण मुली सांगायच्या जोरसरांनाच. मोठ्या सरांना कुणी काही सांगत नसे, कारण संघ ते निवडत. आज "दुखतंय" म्हटलं की उद्या जागा गेली. जोरसरांच्या हातात काहीच नव्हतं, त्यामुळं त्यांना सगळं सांगता यायचं. टाच, कंबर, घरातलं भांडण, जेवण न झालेलं. पाळीचं दुखणंसुद्धा त्या माझ्या कानात सांगायच्या ते "सरांना सांगा" म्हणूनच. आणि जोरसर काय करायचे? सरळ मोठ्या सरांकडं जाऊन थाप मारायचे. "सर, तिच्या घरी पाव्हणे आलेत, आज सुट्टी द्या." मुलीचा पाय दोन दिवस निवायचा आणि जागाही राहायची. एका वर्षात आमच्या संघाच्या घरी जेवढे पाव्हणे आले, तेवढे साऱ्या तालुक्यात आले नसतील.

ते मूळचे सोनारीचे. तरुणपणी कुस्ती खेळायचे. भैरवनाथाच्या यात्रेत मोठी कुस्ती लागली होती आणि त्यांचा गुडघा आधीच सुजलेला होता. ही गोष्ट ते दर वर्षी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत, मैदानात मांडी घालून, म्हणजे एका पायाची मांडी घालून. दुसरा पाय सरळच राहायचा.

"वस्तादानं इचारलं व्हतं मला. दुखायलंय का म्हणून. म्या काय सांगितलं? न्हाय वस्ताद, मस्त हाय. समोर सगळं गाव बसलेलं, व्हय कसं म्हणावं?" मग सरळ पायावर थाप मारून म्हणायचे, "ह्यो गुडघा वस्तादानं न्हाय घेतला, पोरींनो. माझ्या तोंडानं घेतला. मला खोटं सांगायचं न्हाय."

मुली मान डोलवायच्या. आणि खरंच, त्यांना कुणी खोटं सांगत नव्हतं.

एवढं असून माणसाला एक हाव होतीच. त्यांना रेघेच्या आत बसायचं होतं. सकाळी मुली गेल्या की लिंबाच्या काडीनं मातीत चौकोन काढून मला दाखवायचे, कुणाला कधी उठवायला हवं होतं, कुणाला शेवटच्या तुकडीत राखायला हवं होतं. "मॅडम, जो पाय बनवतो त्यालाच कळतं की पाय कवा थकणार. त्या खुर्चीवरून काय दिसतंय?" मला निम्मं कळायचं नाही, पण त्यांचं म्हणणं पटायचं. आजही पटतं. त्यात चुकीचं काही नव्हतं, आणि हेच मला सगळ्यात जास्त छळतं.

मग मोठ्या सरांना पुण्यात बडी अकादमी मिळाली आणि ते गॉगलसकट गेले. संस्थेनं हिशेब केला, की दोन माणसं कशाला? जोरसरांना कोच केलं आणि जुनं कामही त्यांच्याकडंच ठेवलं. फुकटच्या बैलाला दोन गाड्या. पण ते इतके हरखले की त्यांना हे दिसलंच नाही. भूमहून खव्याचे पेढे आणले, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत वाटले. पायात पांढरे बूट आले. पहिल्या दिवशी ते खुर्चीत बसलेच नाहीत, तिच्या पाठीला धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी टोकावर बसले. आठवड्यानंतर पाठ टेकली.

अंगठा मात्र सुटला नव्हता. रोज सकाळी "मॅडम, जरा या." रोज तोच प्रश्न. आणि उत्तरं कशी? "न्हाय सर." "मस्त हाय सर." "कायबी न्हाय सर."

"बघा मॅडम," ते मला म्हणाले, "म्या कोच झाल्यापासनं एकीचाबी पाय दुखंना. मन खुश असलं की अंगबी खुश राहतंय." बर्फाचा डबा रोज भरून यायचा आणि रोज नुसतं पाणी होऊन ओतला जायचा. ते पाणी लिंबाच्या बुडाला घालताना त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा, की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. पाव्हणे येणंही बंद झालं. मला वाटलं, संघ सुधारला.

शीतल नावाची मुलगी होती, जळकोटची. बाप हायवेवर टेम्पो चालवायचा. पळायला लागली की समोरच्या संघाच्या मुली एकमेकींवर आदळायच्या आणि ही पलीकडच्या खांबाला हात लावून हसत उभी. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीला उभी राहणार, आणि नाहीच लागलं तर उन्हाळ्यात लग्न, असं तिच्या घरी ठरलेलं होतं. त्यासाठी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळणं भाग होतं. निवड समिती तिथंच बसणार होती.

सामन्याच्या सकाळी जोरसरांनी हाक मारली, मी गेले. शीतल पाय पसरून बसली होती. त्यांनी गुडघ्याच्या कडेला अंगठा दाबला.

"दुखायलंय का? खरं सांग."

तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं, तोंडानं लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "न्हाय दुखायलं, सर."

तो श्वास मी ऐकला, त्यांनीही ऐकला. ताण देताना कळ आली की असा श्वास सोडायचा, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं होतं. पण त्यांना उत्तर ऐकायची सवय होती आणि त्या उत्तरानं त्यांना कधी फसवलं नव्हतं. ते हसून माझ्याकडं वळले. "वाघीण हाय, मॅडम."

सामन्यात मारायची, म्हणजे पाठलागाची, पाळी आमची होती. शीतलनं खांबाकडं सूर मारला, समोरची मुलगी बाद झाली, टाळ्या पडल्या. शीतल उठली नाही. उठायला बघत होती, पण गुडघ्याखालचा पाय तिचं ऐकत नव्हता. जोरसर खुर्चीतून उठून सगळ्या रेघा तुडवत पळाले. पंच शिट्ट्या मारत होते. त्या माणसाला मी एरवी पळताना कधी पाहिलं नव्हतं. एक पाय सरळच ठेवून ते पळत होते.

तिला गाडीत घातलं. मी उशाशी, ते पायथ्याशी. सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरून त्यांनी विचारलं, "कवापासनं?"

"गणपतीपासनं, सर."

गणपती म्हणजे त्यांना खुर्ची मिळाल्यानंतरचे पहिलेच दिवस.

"मग मला का न्हाय सांगितलंस? मला? समदं तर सांगत हुतीस."

शीतलला रडू येत होतं, पण ती रागानं बोलली. "आदी सांगत हुतोच की समद्याजणी. आता कसं सांगायचं, सर? तुमी कोच झालाव की."

दवाखाना येईपर्यंत बर्फ वितळून त्यांच्या पांढऱ्या बुटांवर गळत होता.

सामना आपण जिंकला, हे आम्हाला दवाखान्यात कुणीतरी फोनवर सांगितलं. पुढच्या आठवड्यात कॉलेजात सत्कार. शाल शेवटी जोरसरांच्या खांद्यावर आली. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "कोच असावा तर असा. पाय मोडला तरी चालेल पण मागं हटायचं नाही, ही जिद्द त्यांनी मुलींना दिली." टाळ्या वाजल्या. मी पहिल्या रांगेत होते आणि मला त्या माइकची वायर उपटावीशी वाटली. जोरसर शाल अंगावर घेऊन खाली बघत उभे होते. फोटोत सगळ्या मुली आहेत, शीतल नाही.

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडं गेले. मी सही करायला तिथंच होते.

"सर, मला माझं जुनं काम द्या."

प्राचार्य हसले. "अहो, जुनं काम तुमच्याकडंच आहे की. दोन्ही तुम्हीच."

"मग कोच दुसरा बघा. संघ म्या निवडणार न्हाय."

"संस्थेला परवडत नाही. आणि जिंकून आल्यावर कुणी असं म्हणतं का? जा, आराम करा दोन दिवस."

जोरसरांनी मैदानावरची खुर्ची उचलून माझ्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात आणून ठेवली. ट्रॅकपँट जुनी, बूट जुने. परत रेघेच्या बाहेर उभे राहायला लागले, कॅन आणि डबा घेऊन. पण रेघेच्या बाहेर उभं राहिल्यानं काय होतं? संघ कोण निवडणार, ते मुलींना ठाऊक होतं. त्या त्यांच्यावर पूर्वीसारखीच माया करायच्या, जेवणाचा डबा उघडून त्यांच्यापुढं धरायच्या. फक्त खरं सांगायच्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी एकदा सगळ्यांना ओळीनं खाली बसवलं आणि मला बोलावलं. एकेकीपुढं ते उकिडवे बसायला बघायचे, जमायचं नाही, मग सरळ पाय बाजूला टाकून बसायचे. अंगठा दाबायचे, विचारायचे. "न्हाय सर." पुढं सरकायचे. "न्हाय सर." मध्ये एकीचा ओठ दातांत गेला, मी पाहिलं. "मस्त हाय सर." ओळ संपली. त्यांनी हात झाडले.

"समद्या ठणठणीत हायेत, मॅडम," ते म्हणाले. मग तिथंच मातीत बसून स्वतःचा गुडघा चोळत राहिले.

सुट्टीनंतर ते आलेच नाहीत. कुणी म्हणतं सोनारीला शेती बघतात, कुणी म्हणतं सोलापुरात एका जिममध्ये आहेत. फोन लागत नाही. संस्थेनं चार दिवस चौकशी केली आणि एक तरुण नेमला, परत दोन्ही कामांसाठी एकच. बर्फाचा डबा आता अध्यक्षांच्या वाढदिवसाला थंड बाटल्या ठेवायला काढतात. खुर्ची माझ्या व्हरांड्यातच आहे, तिच्यावर मी कुंड्या ठेवते.

गेल्या महिन्यात शीतल दाखला न्यायला आली. गळ्यात मंगळसूत्र होतं. जिना ती एकेक पायरी करून, कठड्याला धरून चढली आणि त्या खुर्चीवरच्या कुंड्या खाली ठेवून बसली. चहा प्याली, सासरचं सांगितलं, मैदानाकडं बघत राहिली. जाताना दारात थांबली.

"मॅडम, सर कुठं भेटले तर एक सांगताव का?"

"काय सांगू?"

"दुखायलंय म्हणावं."

ती जिना उतरेपर्यंत मी वर उभी होते. खालच्या पायरीवर तिनं लांब श्वास सोडला, तो मला वरपर्यंत ऐकू आला. सरांचा फोन मी त्या दिवशीही लावून बघितला.