आफ्रिकेहून आलेला इस्तो

माझ्या आईनं एकदा थेट आफ्रिकेहून आलेला विस्तव पाणी ओतून विझवला होता.

तो ज्यांच्या शेगडीतला होता, त्या सुमनकाकू आज पहाटे दुर्गला, बोरसीत मुलाच्या घरी वारल्या.

साठच्या दशकातली गोष्ट. भिलाईत स्टील प्लांट अजून उभाच होऊन राहिला होता. आमची क्वार्टरची लाईन म्हणजे अख्खा भारत. केरळवाले, पंजाबी, बंगाली, आम्ही भंडाऱ्याकडचे कुणबी, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये कामठीच्या सुमनकाकू. बौद्ध.

त्या राहायला आल्या त्याच दिवशी आई हसत हसत गेली.

"मूळ गाव कोनतं म्हनावं तुमचं?"

हा प्रश्न भूगोलाचा नसतो. मराठी माणसाला हे सांगायला नको.

"कामठी."

"कामठीत कोनीकडे?"

काकूंनी मोहल्ला सांगितला. आईचं हसू तिथंच संपलं.

पण आम्हा पोट्ट्यांना कुठला मोहल्ला आणि कुठलं काय. रोज संध्याकाळी सगळे काकूंच्या ओट्यावर. रशियन पुस्तकांच्या स्टॉलवरून घेतलेलं एक चित्रांचं पुस्तक होतं त्यांच्याकडे, माणूस कुठून आला त्याचं. ते मांडीवर उघडून त्या सांगायच्या.

"पहिले सगळे आफ्रिकेत होते. तिथूनच निंगाले."

"ट्रेन से?" पंजाब्यांचा बिट्टू.

"पायी."

"इतना दूर?"

"एकदम नाही आले रे बाबू. तुह्या बापानं काय केलं? भिलाईत झोपडी टाकली, मंग मेहुण्याले बोलावलं. मेहुण्यानं साडूले. तसंच. बाप एका नदीपावतर गेला, पोरगा पुढच्या नदीपावतर. हजारो वर्सं चालूनच राहिले. कोनी समुद्राच्या काठाकाठानं इकडे आले, कोनी बर्फात गेले."

"अन् रशियन?" मी विचारलं. रशियन इंजिनियर तेव्हा उन्हात टमाटरासारखे लाल होऊन फिरायचे.

"चुलतभाऊच आपला. थंडीत राहू राहू पांढरा पडला."

हे मी घरी सांगितलं, तर बाबा भलते खूश. पुढं एका रशियन साहेबाला त्यांनी चहाला आणलंही. आईनं दारात रांगोळी काढली, ठेवणीतले कप काढले.

साहेब काय खातो, हे विचारलं नाही.
मूळ गावही विचारलं नाही.

"आफ्रिकेतून निंगताना मानसानं संग काय नेलं असंल?" काकूंनी एकदा विचारलं.

कोणी भाकरी म्हटलं, कोणी लाठी.

"इस्तो." म्हणजे विस्तव. "राखेत झाकून. ज्याचा विझला त्यानं दुसऱ्याचा घेतला. म्हनून तं आपन आहो."

हे आम्हाला लगेच पटलं. कारण आमच्या लाईनीत रोज तेच चालायचं. घरोघरी कोळशाची शेगडी. सकाळी ज्याची आधी पेटेल, त्याच्याकडून बाकीचे इस्तो न्यायचे. केरळचा पंजाबात, पंजाबचा बंगालात, बंगालचा भंडाऱ्यात.

काकूंचा कुठंच जायचा नाही.

मी दुसरीत होते. रात्रभर पावसाची झड लागलेली, कोळसा भिजलेला, काड्यापेटी सादळलेली. अख्ख्या लाईनीत धूर नाही. बाबांची फर्स्ट शिफ्ट, आणि चहा नाही.

फक्त शेवटच्या क्वार्टरमधली शेगडी लाल.

सगळ्यांना दिसत होती. कोणी गेलं नाही.

मी गेले, फुटकी कढई घेऊन. काकूंनी निखारे ठेवले, वरून राख पसरली.

"पळू नको. हवा लागते."

मी चालले. अख्खी मानवजात माझ्या कढईत आहे, अशी चालले.

"कुठून आनलं वं?" आईनं विचारलं.

"आफ्रिकेतून."

"कोनाच्या घरून?"

"सुमनकाकूच्या."

आईनं दारातच कढईत गुंडभर पाणी ओतलं. केवढा तो आवाज. ती वाफ मला अजून नाकात येते.

काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं.

बाबा पायात बूट चढवून उभे होते. त्यांनीही पाहिलं. बिनचहाचे सायकल काढून निघाले, बरोबर काकूंचे मिस्टर. दोघं एकाच ब्लास्ट फर्नेसला, एकाच आगीसमोर. तिथं आठ तास चालायचं.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर सगळ्यांच्या मागं बसले.

"काकू, एखाद्याचा इस्तो विझला अन् त्यानं दुसऱ्याचा घेतलाच नाही तं?"

काकूंनी पुस्तकाचं पान उलटलं.

"बसते मंग थंडीत. पन त्याची पोट्टी येते मांगाले."

मग बरीच वर्षं गेली. गॅस आला. लोक एकमेकांकडे विस्तव मागायचे थांबले, आणि आमच्या लाईनीला आपण सुधारलो असं वाटायला लागलं.

बाबा वारले, त्या दिवशी आमच्या घरी रीतीप्रमाणे काही शिजलं नाही. पहिला डबा काकूंचा आला. पिठलं-भाकरी.

आईनं ताट पुढं ओढलं. खाली बघून जेवली. सगळं जेवली.

"मिरची जास्त झाली," म्हणाली.

"उद्या कमी टाकीन," काकू म्हणाल्या.

आईचा माफीनामा एवढाच. आई आता नाही. मी तो चांगल्या शब्दांत लिहून काढू शकले असते, लिहिणारी आहे मी, दुसऱ्यांची सालं काढण्यात माझं नाव आहे. काकू हयात असताना एकदाही लिहिला नाही. आईचं नाव खराब होईल म्हणून.

मघाशी फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली. कोणी हात जोडायच्या आधी एका भाच्याचा मेसेज आला: "मावशी, या कोण? सरनेम काय?"

इंजिनियर आहे. पुण्यात असतो.

सरनेम सांगणार नाही. मूळ गाव आफ्रिका. तुझंही.

काकू, भावपूर्ण वगैरे लिहायला बसले होते, पण शरमेनं हात चालत नाही. आज तुमच्या घरी गॅस पेटणार नाही. डबा घेऊन बोरसीला निघाले आहे.

मिरची कमी टाकली आहे.