बाबांचं अर्धं फूल

बाबा कागद कारखान्यात फिटर होते. ते निवृत्त झाल्यावर आम्ही बुऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्यात राहायला आलो आणि तिथल्या मागच्या खोलीत त्यांनी एक यंत्र बनवलं. प्लायवूडच्या पाटावर तीन दातेरी चाकं. सगळ्यांत मोठं चाक सावकाश फिरे, त्यावर कागद चिकटवायचा. उरलेल्या दोन चाकांवरून ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या हातांसारख्या पुढे येत आणि त्या जिथे जुळत तिथे पेन अडकवलेलं असे. दांडा फिरवला की हे हात मागेपुढे होत आणि कागदावर पाकळीवर पाकळी चढत जाई. बाबा त्याला फूल म्हणत.

नियम एकच होता. रेघ फिरून आपल्या सुरुवातीला मिळेपर्यंत पेन उचलायचं नाही. कधी कधी त्याला पाऊण तास लागे. शेवटच्या दोन वर्षांत बाबांचा हात कापायचा, म्हणून दांडा आई फिरवी आणि ते पेनावर नजर ठेवून बसत.

"दरवाजा वाजतोय, कोणी तरी आलंय," आई म्हणायची.

"येऊ दे. तू थांबू नको."

"गॅसवर दूध आहे!"

"मग जरा जल्दी फिरव."

"जल्दी फिरवलं की ओरडता. मला काय कारखान्यातली मशीन समजले का?"

बाबा हसायचे, पण वर बघायचे नाहीत.

मागच्या थंडीत असंच एक फूल अर्ध्यावर आलेलं असताना ते म्हणाले, "थांब जरा." आईला नवल वाटलं. त्याच संध्याकाळी दवाखान्यात ते वारले.

माणसं भेटायला येणार, खोली रिकामी करायला हवी होती. यंत्र मी स्वतः उचललं. रिफिल वाळू नये म्हणून पेन काढून टोपण लावून ठेवलं. आपण जपतो आहोत असंच मला वाटत होतं.

तेराव्यानंतर आई म्हणाली, "बेटा, यांचं तेवढं पुरं करून दे. फ्रेम करून लावू."

"तू फिरवतेस?"

"नाही रे. माझ्याच्यानं नाही होणार."

रिफिल वाळलीच होती. सांधा दिसू नये म्हणून मी तशीच निळी आणली. पेन मात्र जुन्या जागी नेमकं बसेना. केसाएवढा फरक राहिला. मी दांडा फिरवू लागलो. माझी रेघ बाबांच्या सुरुवातीपाशी आली आणि तिला चुकवून शेजारून पुढे गेली. मिळाली नाही, म्हणून नियमाप्रमाणे मी फिरवतच राहिलो. त्यांच्या पाकळ्यांमधल्या फटी भरत गेल्या. शेवटी रेघ मिळाली, ती मी जिथून सुरू केली होती तिथे.

आईनं चष्मा लावून कागद खिडकीपाशी नेला.

"छान झालंय," ती म्हणाली. मग बराच वेळ बघून तिनं विचारलं, "यांचं कुठपर्यंत होतं?"

मी वाकून पाहिलं. सगळीकडे एकच निळं. लाल रिफिल घातली असती तर ती जागा जन्मभर दिसली असती. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

"इथे असेल," मी बोट ठेवलं.

"असेल, का आहे?"

मी बोट उचललं. तिनं कागद माझ्या हातात परत दिला. फ्रेमचा विषय त्यानंतर तिनं काढला नाही.