मालिकेतली केळ बघायला सावद्याला

मंडळी, आज धुळ्याहून सावद्याला जाऊन आलो. यात्राच ती, फक्त देव मालिकेतला. ज्या केळीखाली नायिका वाट बघत उभी असते, ती केळ मला व्हिडिओ कॉलवर बायकोला दाखवायची होती. पक्षाघातानंतर ती अंथरुणावर आहे आणि रोज संध्याकाळी तिचा जीव त्या बागेत असतो.

बागेचे मालक नाना हसायलाच लागले. "भाऊ, केळ म्हंजे काय आंबा हाये का? घड कापला का खोडबी जातं. हे तिच्या बुडातून फुटलेलं पील."

केळ एकदाच फळते, हे आम्ही सुभाषितांत घोकलेलं. ऐन वेळी आठवेल तर ती विद्या कसली!

कॉल लावला, गुडघाभर पील दाखवलं आणि खरं ते सांगून टाकलं.

ती अर्ध्या ओठांनी हसली. "पंडित, एवढ्या लांब जाऊन रोपटंच मिळालं?" मग म्हणाली, "नानांना विचारा, याचा घड कधी कापणार? त्याच्या आत मी स्वतः येते."

नानांनी सांगितलं. मला ते फारच लवकर वाटलं.

केळीवाल्या मित्रांनो, घड लवकर यावा म्हणून तुम्ही कितीतरी उपाय करता. उशिरा यावा म्हणून काही असतं का हो?