जास्तीचा काना

एका कान्यापायी मी मुखेडात तोंड लपवत फिरलो, म्हटलं तर खरं वाटेल तुम्हाला? चहा घ्या, सांगतो.

माझी पुतणी पल्लवी डॉक्टर झाली. सुईवाली नव्हे, पीएचडीवाली. गॅस टर्बाइनची पाती आगीसारख्या वाऱ्यात गरगर फिरतात. वितळू नयेत म्हणून त्यांच्या आत पोकळ वाटा ठेवतात आणि त्यांतून गार हवा सोडतात. पण पातं फिरतं ना! हवा एका भिंतीकडे ढकलली जाते. ती भिंत गार, समोरची तापलेलीच. यावरच तिचं संशोधन.

"एसटी वळली की माणसं एका अंगाला कलंडतात ना काका, तसं," तिनं मला समजावलं.

सत्काराच्या फ्लेक्सचं काम मी मागून घेतलं. आमच्या गल्लीत शुद्धलेखन म्हणजे मी! त्या पोकळ वाटांना मी 'वाहिन्या' केलं आणि मजकूर दिला: 'फिरत्या वाहिन्यांचे अंतर्गत शीतकरण'. स्वतःवरच खूश!

फ्लेक्सवाल्या सलीमभाईंनी मोबाइलवर नमुना धाडला. बघतो तर 'न्या'ला दोन काने! लगेच फोन लावला.

"सलीमभाई, 'वाहिन्यां'त एक काना जास्त झालाय. काढा."

"कुठला काढू काका?"

"अहो, जास्तीचा!"

"हाव, काढतो."

परत नमुना बघायचा का? छे! एवढं बारीक सांगितल्यावर?

सकाळी हॉलच्या दारात ही गर्दी! वर पल्लवीचा फोटो, खाली ठळक अक्षरं: 'फिरत्या वहिन्यांचे अंतर्गत शीतकरण'. 'न्या'चे दोन्ही काने जागच्या जागी. उडाला होता 'वा'चा!

आणि आमच्या वहिनी, म्हणजे पल्लवीची आई, बचत गटाच्या कामानं गावोगाव फिरणाऱ्या. त्यात तापट. आता गावानं काय समजावं?

"भावजी, मी फिरती व्हय?" वहिनी कडाडल्या. "आन् मला थंड करायला निघालात? भर चौकात?"

"वहिनी, ते वाहिन्या..."

"न्हाई येणार मी स्टेजवर!"

"आई न्हाई, तर मी हार घेणार न्हाई," पल्लवी म्हणाली. पाहुणे खुर्चीत, शाल-नारळ ताटात, आणि मी घामाघूम!

शेवटी पल्लवीनंच आईला बाजूला बसवून पातं, हवा, एसटी, सगळं सांगितलं. वहिनींचा ओठ हलला, मग खुदकन हसूच आलं.

"म्हंजे एक काना खाऊन भावजींनी माझं पातं केलं म्हना की!"

गेल्या बाई स्टेजवर. हार पडला, टाळ्या पडल्या. मी हुश्श करून खुर्चीत टेकलो.

तेवढ्यात मागून आवाज आला. आमची ही! लातूरच्या माहेराहून नुकतीच उतरलेली, हातात पिशवी तशीच.

"अहो, तुम्हाला वहिनी तर एकच हाय. बाहेर 'वहिन्या' लिवलंय. बाकीच्या फिरत्या कोण?"

मी केविलवाणं पल्लवीकडं पाहिलं. ती हार सावरत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सांगितलं होतं ना काका, एक भिंत गार झाली तरी समोरची तापलेलीच राहते."

वहिनी हसत हसत त्यांच्या घरी गेल्या. मला मात्र समोरच्या भिंतीबरोबरच घरी जायचं होतं!